ओव्हल मैदानाच्या दोन बाजू

चर्चगेटजवळच्या ओव्हल मैदानात मधोमध उभं राहा. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर: १८७०च्या दशकातली गॉथिक शैली, दगडी नक्षी, टोकदार कमानी. मान आपोआप वर जाते. पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती. काँक्रीटमुळे कोपरे गोल वळवता आले, बाल्कन्या बाहेर झेपावल्या. खिडक्यांवरून सलग धावणारे छज्जे नीट बघा: ऊन-पाऊस अडवतात आणि सजावटही तीच. फाटकांच्या लोखंडी जाळीत लाटा, सूर्यकिरणं शोधा, हमखास सापडतील. २०१८ साली दोन्ही बाजूंना मिळून युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. माझा ओढा मात्र पश्चिमेकडे, कारण तिथे आजही लोकांचे संसार चालू आहेत.