पेडलखालचा बोल्ट आणि सव्वीस हजारांचा क्लच

क्लच घसरणं आणि क्लच न सुटणं ही दोन उलटी दुखणी आहेत. घसरतो तेव्हा इंजिन नुसतं ओरडतं, गाडी वेग घेत नाही. सुटत नाही तेव्हा पेडल दाबूनही गिअर पडायला कुरकुर करतो आणि रिव्हर्सला कर्रर्र होतं. पहिल्या दुखण्यात क्लच प्लेट, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे पोचवणारी चकती, झिजलेली असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्यात बऱ्याचदा प्लेट धडधाकट असते. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने माझ्या गाडीला दुसरं दुखणं स्वतःच्या हाताने लावलं आणि बिल फाडलं पहिल्याचं. हायड्रॉलिक (केबलऐवजी ऑइलच्या दाबाने चालणाऱ्या) क्लचची गाडी असेल आणि कोणी 'क्लच स्टॉपर' बसवून देतो म्हणत असेल, तर हे आधी वाचा.

माझी गाडी डिझेल हॅचबॅक. पेडल खूप खोल जायचं, आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये सिंहगड रोडवर डावा गुडघा बोलायला लागायचा. सर्व्हिसिंगच्या वेळी गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, अर्ध्यातच क्लच सुटतो, पुढचं दाबणं फुकट जातं. स्टॉपर टाकू, पाय पण वाचेल, क्लच पण." यात खोटं काही नव्हतं, हे मुद्दाम सांगते. पेडलचा खालचा प्रवास अडवणारा स्टॉपर ही खरी वस्तू आहे. बीएमडब्ल्यूच्या जुन्या थ्री सीरीजमध्ये तो कंपनीतूनच यायचा. सुटण्याच्या बिंदूपलीकडे पेडल दाबत राहिलं की रिलीज बेअरिंग क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या बोटांना गरजेपेक्षा जास्त ढकलतं, ते टाळायला स्टॉपर असतो. 'इंपोर्टेड किट' म्हणून २,८०० रुपये घेतले. किट म्हणजे एक लांब बोल्ट, दोन नट आणि डोक्यावर रबराचं बटण. सुट्या पार्टच्या बाजारात, नाना पेठेत हे सगळं सुटं घेतलं तर वडापावसकट किती पडेल, याचा अंदाज करा.

गोम आहे ती बोल्टच्या उंचीत. हायड्रॉलिक क्लच म्हणजे नळीने जोडलेल्या दोन सिरिंजा समजा. पेडल पहिली दाबतं, तो मास्टर सिलेंडर. तिच्यातलं ऑइल गिअरबॉक्सजवळची दुसरी ढकलतं, तो स्लेव्ह. पहिली अर्धवट दाबली की दुसरीही अर्धवटच सरकणार. अल्टोसारख्या केबलच्या गाडीत केबल ताणून थोडं जमवून घेता येतं. इथे ताणायला काही नाही. स्टॉपर जरा जास्त वर आला तर प्लेट पूर्ण मोकळी होत नाही, इंजिनबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हीलला घासत राहते आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतच राहतो. पुढचे गिअर सिंक्रोच्या, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून देणाऱ्या, पितळी रिंगा कशाबशा सांभाळून घेतात आणि त्यापायी झिजतात. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोच नसतो, म्हणून पहिली बोंब तो मारतो. आणि हे सगळं गाडी थंड असताना कळेलच असं नाही. सगळं तापलं की सुटण्याचा बिंदू आणखी खाली सरकतो, ऑइलमध्ये थोडी हवा असेल तर अजूनच.

माझ्याकडे नेमकं हेच झालं. गॅरेजच्या दारात गाडी लोण्यासारखी चालली. घरी येईपर्यंत सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स किंचाळायला लागला. परत गेले तर त्याने एक चक्कर मारली, तोंड पाडलं आणि म्हणाला, "प्लेट संपलीय मॅडम. हाफ क्लचवर चालवता ना तुम्ही? लेडीजचं असंच असतं. सिंक्रोपण गेलाय बहुतेक. गिअरबॉक्स उतरवायला लागेल." मी विचारलं, कालपर्यंत तर ठीक होता? उत्तर आलं, "स्टॉपरमुळे कळलं तरी. नाहीतर घाटात दगा दिला असता." म्हणजे बिघाडही तोच आणि उपकारही त्याचाच! क्लच सेट, रिलीज बेअरिंग, गिअरबॉक्स ऑइल आणि लेबर मिळून २६,००० रुपये. हातात आली ती कच्ची पावती, त्यावर 'क्लच कंप्लीट' एवढंच. पार्ट नंबर नाही, जीएसटी नाही. जुना पार्ट मागितला तर झिजलेली प्लेट एका खोक्यात घालून दिली.

गाडी मात्र छान झाली. संशय यायला जागाच नव्हती.

उलगडा झाला तो भलत्याच कामात. पुढच्या चाकाचं बेअरिंग गुणगुणत होतं म्हणून हडपसरच्या एका मेकॅनिककडे गेले. गाडी रॅम्पवर चढवल्यावर बोलता बोलता मी म्हटलं, क्लच नुकताच बदललाय. तो टॉर्च घेऊन खाली गेला आणि हाक मारली, "ताई, इकडे या. कोणी सांगितलं बदललाय?" इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या बोल्टांवर कित्येक पावसाळ्यांचा चिखल थापलेला होता, ऑइलमध्ये भिजून डांबरासारखा कडक झालेला. एकाही बोल्टच्या कडेवर पान्याचा ताजा ओरखडा नाही. गिअरबॉक्स खाली घ्यायचा तर हे बोल्ट सोडावेच लागतात, त्याला पर्याय नाही. मग त्याने पेडलखालचा गालिचा उचलून स्टॉपर दाखवला. लॉकनट (बोल्टची उंची पक्की धरणारा नट) आधी जिथे आवळला होता तिथे त्याची खूण, आणि त्याच्या वर बोल्टचे चकचकीत आटे. एवढंच 'काम' झालं होतं. बोल्ट थोडा खाली, फार तर ऑइलमधली हवा काढली असेल. खोक्यातली प्लेट घरून आणून दाखवली तर तो हसलाच. ती कुठल्यातरी लहान पेट्रोल गाडीची होती, माझ्या गाडीच्या शाफ्टवर बसलीच नसती.

फोटो काढून मी जुन्या गॅरेजमध्ये गेले. तिथे ऐकवण्यात आलं की "आम्ही बोल्ट पुन्हा तसेच बसवतो." चिखलासकट?

आता तुमच्यासाठी. स्टॉपरनंतर गिअर अडायला लागला तर पैशाचं बोलण्याआधी स्टॉपर काढायला लावा किंवा पूर्ण खाली घ्यायला लावा, आणि तुमच्यासमोर. आवाज गेला तर प्लेटचा विषयच संपला. दुसरी परीक्षा: इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत अलगद पडतात आणि चालू गाडीत अडतात, म्हणजे बहुतेक क्लच सुटत नाहीये. त्याचं कारण स्टॉपर, ऑइलमधली हवा, गळका मास्टर किंवा स्लेव्ह सिलेंडर असू शकतं. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडत असेल तर हवेवर किंवा सिलेंडरवर संशय घ्या. प्लेट खरंच गेलीय का हे बघायचं असेल तर खंबाटकीसारख्या चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम उडी मारतो आणि वेग तिथेच राहतो, असं झालं तर प्लेटवर बोला. माझी गाडी तो घाट विनातक्रार चढत होती, आणि हे मी त्या गॅरेजवाल्याला त्याच वेळी सांगितलंही होतं.

स्टॉपर हवाच असेल तर गाडी नीट तापलेली असताना लावून घ्या. क्लच पूर्ण सुटतो तो बिंदू शोधायचा आणि त्याच्याही खाली सेंटीमीटरभर जागा सोडायची. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर न फिरणारी गाडी असेल तर पेडलखालचा स्विच दाबला जातोय का, तेही बघा. बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइलच क्लचमध्येही असतं, ते हवेतला ओलावा शोषतं, तेव्हा जुनं असेल तर स्टॉपरच्या आधी ते बदला. हडपसरवाल्याने माझा स्टॉपर खाली घेऊन लॉकनटवर रंगाची रेघ मारून दिली, कोणी हात लावला तर कळावं म्हणून. मोठ्या कामाच्या वेळी गिअरबॉक्स खाली उतरलेला असतानाचा फोटो मागा, गाडीचा नंबर दिसेल असा. खरं काम करणारा नाही म्हणत नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मी तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हेही त्या निमित्ताने कळलं. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयचा पुरावा आहे, फोटो आहेत, खोक्यातली प्लेट आहे. तक्रारीनंतर गॅरेजवाल्याचा फोन आला. लेबर परत करतो म्हणाला, पार्टचे पैसे नाही मिळणार. जो पार्ट गाडीत लागलाच नाही त्याचे पैसे कशाबद्दल ठेवतोयस, हे मी त्याला लेखी विचारलं आहे.