फॉक्स बॉडी मस्टँगचे मागचे सस्पेन्शन: रस्त्यावरही चालणाऱ्या ड्रॅग गाडीसाठी काय घ्यावे, काय थांबवावे

फोर्डने १९७९ ते १९९३ या काळात ‘फॉक्स’ प्लॅटफॉर्मवर बांधलेली मस्टँग अमेरिकेतील हौशी ड्रॅग रेसिंगमध्ये (उभ्या जागेवरून सुटून सरळ पट्टी कमीत कमी वेळात कापण्याची शर्यत) आजही मोठ्या संख्येने दिसते, आणि त्याचे श्रेय तिच्या मागच्या सस्पेन्शनला नक्कीच देता येणार नाही. ५.० लिटरचे व्ही-८ इंजिन, दीड टनाच्या आतले वजन आणि सुट्या भागांचा अफाट बाजार यांमुळे ही गाडी टिकली. मात्र या बाजाराचीच आता अडचण झाली आहे, कारण मागच्या ॲक्सलसाठी इतके आर्म (ॲक्सलला बॉडीशी जोडणारे दांडे), बुश (त्या दांड्यांच्या टोकांतल्या रबरी किंवा तत्सम गाद्या), शॉक आणि बार विकायला आहेत की नवखा माणूस सगळे एकदम मागवतो आणि पट्टीवर सरळ पळणारी, पण पावसात वळणावर जीव घेणारी गाडी तयार करतो. हे परीक्षण अशा गाडीपुरते आहे जी आठवडाभर कामावर नेली जाते आणि सुट्टीच्या दिवशी ४०२ मीटरच्या पट्टीवर साधारण बारा-तेरा सेकंदांत धावते. फक्त ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाडीचे गणित वेगळे असते.

कोणता भाग कशासाठी घ्यायचा हे ठरवण्याआधी गाडी सुटताना खाली काय घडते ते पाहावे लागते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस या इंजिनाचा टॉर्क ३०० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ४०७ न्यूटन-मीटर होता. टी-५ गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.३५ चा आणि डिफरन्शियलमध्ये लोक हमखास बसवतात तो ३.७३ चा, असा गुणाकार केला तर ॲक्सलवर ५,००० न्यूटन-मीटरहून अधिक पीळ येतो. चाके पुढे फिरतात तेव्हा ॲक्सलचे हाउसिंग उलट्या दिशेने फिरू पाहते आणि डिफरन्शियलचे नाक वर उचलले जाते. त्यामुळे खालचे दोन आर्म दाबले जातात आणि वरचे दोन ताणले जातात. कारखान्यातून येणारे आर्म पत्रा वाकवून केलेले, इंग्रजी ‘यू’ आकाराचे, एका बाजूने उघडे असतात आणि त्यांच्या टोकांना मऊ रबरी बुश असतात. रबर पिळवटते, टायर घसरतो, रबर मोकळे होते, टायर पुन्हा पकड घेतो, आणि हेच चक्र वेगाने चालू राहिले की ॲक्सल अक्षरशः उड्या मारू लागतो. या ‘व्हील हॉप’ने ॲक्सल शाफ्ट आणि गिअर तुटतात. वेळ वाया जाणे ही त्यातली सर्वांत किरकोळ हानी म्हणायची.

म्हणून पहिला खर्च खालच्या आर्मवर करावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चौकोनी किंवा गोल बंद नळीचा, वेल्ड केलेला आर्म दाबाखाली वाकत नाही आणि चाकाचा जोर थेट बॉडीला देतो. खरा फरक टोकांच्या बुशमध्ये असतो. दोन्ही टोकांना पॉलियुरेथेन असलेले आर्म स्वस्त पडतात आणि या दर्जाच्या गाडीला पुरतातही, फक्त त्यांना ग्रीस निपल आहे की नाही ते पाहून घ्यावे, नाहीतर काही महिन्यांत प्रत्येक गतिरोधकावर करकर ऐकावी लागते. कॅलिफोर्नियातील सॅन लुईस ओबिस्पो येथील मॅक्सिमम मोटरस्पोर्ट्स ही कंपनी तीन तुकड्यांचा युरेथेन बुश वापरते. त्याचा हेतू असा की आर्म पुढे-मागे ढिला पडू नये, पण एक चाक खड्ड्यात गेले तर त्याला थोडा पीळ घेता यावा. रोज चालणाऱ्या गाडीसाठी मला हीच विचारसरणी योग्य वाटते. दोन्ही टोकांना उघडे रॉड-एंड (धातूचे गोळा-सांधे) असलेले आर्म पट्टीवर उत्तम असले, तरी धूळ आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकले जाणारे मीठ त्यांना फार लवकर खाते, आणि त्यांचा खडखडाट केबिनमध्ये स्पष्ट ऐकू येतो.

वरच्या आर्मबाबत मात्र बाजाराचा सल्ला डोळे मिटून मानू नये. या गाडीला ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून वेगळा पॅनहार्ड रॉड दिलेला नाही. ते काम वरचे दोन तिरके आर्मच करतात. त्यामुळे गाडी वळणावर कलली की या आर्मच्या बुशना एकाच वेळी अनेक दिशांनी वळावे लागते, आणि रबर ते सहन करते म्हणूनच ही रचना चालते. तिथे चारही ठिकाणी कडक पॉलियुरेथेन बसवले तर सस्पेन्शन अडकते. वळणावर आधी काहीच होत नाही आणि मग मागची बाजू सूचना न देता सुटते. म्हणून ज्याला रस्त्यावर गाडी चालवायची आहे त्याने वर एक तर चांगल्या स्थितीतले रबर ठेवावे, किंवा खर्चाची तयारी असेल तर ॲक्सलच्या कानांत गोलाकार बेअरिंग बसवावे. मधला मार्ग म्हणून विकले जाणारे कडक युरेथेनचे संच मी कोणालाही सुचवणार नाही. वरचे आर्म लांबी बदलता येणारे घेण्याचा फायदा वेगळा आहे. त्यांच्यामुळे पिनियनचा, म्हणजे डिफरन्शियलच्या नाकातल्या प्रोपेलर शाफ्टला जोडलेल्या गिअरचा, कोन जुळवता येतो. युरेथेन बुशच्या गाडीत प्रोपेलर शाफ्टच्या तुलनेत पिनियनचे नाक दोन-तीन अंश खाली ठेवण्याचा प्रघात आहे, म्हणजे जोर आल्यावर ते वर उचलून शाफ्टच्या रेषेत येते.

आता भूमितीकडे. बाजूने पाहताना वरच्या आणि खालच्या आर्मच्या रेषा पुढे वाढवल्या तर त्या जिथे मिळतात तो ‘इन्स्टंट सेंटर’, आणि गाडी सुटताना मागे बसणार की उठणार हे त्या बिंदूवर ठरते. हिशेब सोपा आहे: त्या बिंदूची जमिनीपासूनची उंची भागिले मागच्या चाकापासूनचे अंतर, गुणिले व्हीलबेस भागिले गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची. फॉक्स मस्टँगचा व्हीलबेस १००.५ इंच आहे. गुरुत्वमध्य २१ इंचांवर आणि बिंदू ५० इंच पुढे, १० इंच वर धरला, तर उत्तर सुमारे ९६ टक्के येते. हा आकडा १०० टक्क्यांच्या खाली असला तर मागची बाजू बसते, वर गेला तर बॉडी उचलली जाते आणि त्या प्रतिक्रियेने टायर सुरुवातीच्या क्षणी जमिनीवर जास्त जोराने दाबला जातो. छान दिसते म्हणून आखूड स्प्रिंग घालून गाडी खाली बसवणाऱ्यांनी हे समजून घ्यावे की त्यामुळे खालच्या आर्मचा कोन बिघडतो आणि हा आकडा घसरतो. अशा गाडीला आर्मचे मागचे टोक खाली नेणारे ब्रॅकेट लावावे लागतात. त्यातही हाव धरून सर्वांत खालचे भोक निवडू नये. ड्रॅग रेडियल टायरची (रस्त्यावरही चालणारा, मऊ रबराचा शर्यतीचा टायर) बाजू ताठ असते, त्याला एकदम जोराचा फटका दिला तर तो घसरतो आणि मग पुन्हा पकड घेत नाही. जुन्या पद्धतीचा बायस-प्लाय स्लिक, म्हणजे नक्षी नसलेला, लवचीक बाजूंचा टायर, तो फटका पचवतो.

या सगळ्याआधी एक तपासणी अनिवार्य आहे. आर्म ज्या जागी बॉडीला बोल्ट होतात त्या ‘टॉर्क बॉक्स’चा पत्रा पातळ आहे, आणि ताठ आर्म बसवल्यावर रबराने गिळलेला धक्का थेट तिथे जातो. मागची सीट काढून, गालिचा उचलून पाहावे. बोल्टच्या भोकाभोवती केसासारखी भेग, सांध्यावरच्या सीलंटला गेलेले तडे किंवा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचल्यावर आत जाणारा गंजका पत्रा दिसला, तर आर्मची खरेदी थांबवून आधी वेल्ड करून बसवायच्या जाड प्लेटा आणाव्यात. मिशिगन किंवा ओहायोमध्ये हिवाळे काढलेल्या गाडीत हे जवळपास गृहीतच धरावे. तिकडे स्थायिक झालेले आपले बरेच इंजिनिअर हौसेने जुनी मस्टँग घेतात, त्यांनी रंगापेक्षा ही जागा आधी पाहावी.

शॉकबाबत फार लिहिण्याचे कारण नाही. इलिनॉयमधील स्ट्रेंज इंजिनिअरिंगचे दहा टप्प्यांचे ॲडजस्टेबल शॉक या कामासाठी पुरेसे आहेत. दाब आणि ताण स्वतंत्र जुळवणारे डबल ॲडजस्टेबल शॉक ज्याला प्रत्येक धावेची नोंद ठेवायची सवय आहे त्यानेच घ्यावेत. पुढच्या बाजूला ९०/१० शॉक (सहज लांबणारे, पण दाबायला कठीण) लावून नाक उचलण्याची जुनी युक्ती मात्र रस्त्यावरच्या गाडीत नकोच, कारण ब्रेक मारल्यावर आणि उंचसखल रस्त्यावर गाडी होडीसारखी डोलते.

पैशाच्या तुलनेत सर्वाधिक समाधान देणारी वस्तू म्हणजे लॅन्सिंग, मिशिगन येथील एअर लिफ्ट कंपनीची ‘१०००’ मालिकेतील हवेची पिशवी, जी मागच्या स्प्रिंगच्या आत बसते. प्रोपेलर शाफ्टचा पीळ ॲक्सलचे उजवे टोक उचलू पाहतो, म्हणून उजव्या पिशवीत डावीपेक्षा जास्त हवा भरतात. मर्यादा ३५ पीएसआयची आहे आणि ५ पीएसआयच्या खाली जाऊ द्यायचे नाही. संचासोबत येणारा ‘टी’ जोड वापरू नये, दोन्ही पिशव्यांना वेगळे व्हॉल्व्ह लावावेत, अन्यथा हवा एकीतून दुसरीत जाते आणि उद्देशच फसतो. गाडी अकरा सेकंदांच्या जवळ येऊ लागली की पिशवी कमी पडते आणि ड्रॅगसाठीचा जाड अँटी-रोल बार (बॉडीला एका बाजूला कलू न देणारा दांडा) घ्यावा लागतो. तो बसवताना चालकाच्या वजनाइतका भार सीटवर ठेवून लिंक मोकळ्या जुळवाव्यात. ११.४९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला एनएचआरए ही अमेरिकेतील ड्रॅग रेसिंगची नियामक संघटना रोल बार (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारी पोलादी चौकट) सक्तीचा करते, तेव्हा तो खर्चही याच टप्प्यावर हिशेबात धरावा.

बसवण्याच्या कामात दोन गोष्टी सांभाळाव्यात. मागची स्प्रिंग खालच्या आर्मवरच टेकलेली असल्याने बोल्ट काढण्याआधी आर्मखाली जॅक लावून तो सावकाश उतरवावा, आणि एका वेळी एकच आर्म बदलावा. जिथे रबरी बुश ठेवले असतील तिथले बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावेत, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते. ॲक्सलला जमिनीला समांतर, गाडीच्या लांबीच्या दिशेने जोडलेले कारखान्याचे दोन ‘क्वाड शॉक’ मूळ मऊ बुशची उडी दाबण्यासाठी होते. नवे आर्म बसल्यावर ते काढून टाकता येतात, आणि २७५ मिलिमीटर रुंदीचा टायर आत बसवताना तीच जागा उपयोगी पडते.