आठवड्याला अर्धं पाणी, की मातीचा भरवसा?

घरात माशांचा, पाणझाडं लावलेला टँक करायचा म्हणता? मग टँक केवढा, दिवा कुठला, फिल्टर कुठला हे तुम्ही ठरवून बसलाच असाल. त्यात मी पडत नाही. झाडं लावून झाल्यावर तो टँक रोजच्या रोज चालवायचा कसा, एवढंच बोलू. त्यात दोन घराणी आहेत. पहिल्यात खत भरपूर, उजेड भरपूर, झाडांसाठी सिलिंडरचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) आणि दर आठवड्याला अर्धं पाणी बदलायचं. हीच ती ईआय, म्हणजे एस्टिमेटिव्ह इंडेक्स पद्धत. दुसऱ्यात तळाला साधी माती, वर बारीक खडी, झाडं गच्च, मासे मोजके, आणि पाण्याला होता होईतो हात लावायचा नाही. तिला वॉलस्टॅड पद्धत म्हणतात. पहिली मी दीड वर्ष केली, दुसरीचं हे चौथं वर्ष. टँक तोच, तीन फुटी, आणि गावही तेच, इंदूर.

पहिलीबद्दल वाईट बोलवत नाही. सीओटू सुरू झाल्यावर तासा-दोन तासांत पानांवर ऑक्सिजनचे मोत्यासारखे बुडबुडे चढायचे आणि घरातले सगळे, अगदी टँकला नावं ठेवणारेसुद्धा, चहाचा कप घेऊन समोर उभे राहायचे. रोटाला नावाची पाणवनस्पती अशी लाल व्हायची की पाहुण्यांना प्लास्टिकची वाटायची. खतालाही फार पैसे लागत नाहीत. परदेशी बाटल्यांच्या नादी लागू नका. शेतकरी ठिबकमधून सोडतात ते १३-०-४५ म्हणजेच पोटॅशियम नायट्रेट आणि ०-५२-३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. छावणीच्या मंडीकडे खत-बियाण्यांच्या दुकानात किलोची पाकिटं मिळाली, ती संपता संपेनात. सूक्ष्म अन्नद्रव्यांचं पाकीटही तिथलंच. दुकानदाराने विचारलं, शेत कुठे आहे? मी म्हटलं, बैठकीत.

या पद्धतीचं गणितही सरळ आहे. खत मुद्दाम जास्तच घालायचं, म्हणजे झाडाला काही कमी पडत नाही, आणि साचलेलं दर आठवड्याला अर्धं ओतून द्यायचं. झाडांनी काहीच खाल्लं नाही असं धरलं तरी पाण्यातलं खत आठवड्याच्या मात्रेच्या दुपटीपलीकडे जात नाही. मात्र तोच बदल पंधरा दिवसांवर गेला, तर हीच मर्यादा आठवड्याच्या मात्रेच्या चौपट होते. सगळी मदार त्या अर्ध्या पाण्यावर, आणि वेळेवर.

माझी गाडी अडली ती इथे. आमच्या भागात नर्मदा एक दिवसाआड येते. (बाहेरगावच्यांसाठी: इंदुरात ‘नळ आला’ म्हणत नाहीत, ‘नर्मदा आली’ म्हणतात.) सुट्टी रविवारची, आणि आठवड्याचे दिवस सात. सात विषम. म्हणजे या रविवारी नर्मदा आली की पुढच्या रविवारी ती येणार नाही, हे पंचांग न उघडता सांगता येतं. त्यात मध्येच कुठे लाइन फुटली की पाळी एका दिवसाने सरकते आणि माझं सगळं वेळापत्रक उलटं होतं. तक्रार तरी कोणाकडे करायची? ते पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर, घाट चढून येतं. १९७८ साली ते पहिल्यांदा आलं तेव्हाच्या गोष्टी आई अजून सांगते, आणि तिच्यासमोर माशांसाठी चार बादल्या ओतून द्यायच्या, चार भरायच्या.

उपाय केले. शनिवारी ड्रम भरून ठेवला. क्लोरीनचा प्रश्न नव्हता; हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) दोन-चार खडे विरघळवून ठेवले की काम होतं. प्रश्न ड्रमचा होता. न्हाणीघरात ठेवला तर आंघोळीला जागा नाही, गॅलरीत ठेवला तर मे महिन्यात दुपारपर्यंत पाणी चहाला चालेल इतकं तापतं. पाहुणे आले की पहिला डल्ला त्या ड्रमवर. एकदा शनिवारी रात्री मावशी म्हणाली, ‘‘अरे, तुझं ते माशांचं पाणी मी कपड्यांना घेतलं हं.’’ तिला काय बोलणार?

मग बोरिंगचं पाणी वापरून पाहिलं. ते चोवीस तास आहे. पण आमच्या बोरिंगच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि तोटीवर पांढरे खडे धरतात. माझ्याकडे पाण्याचा जडपणा मोजायचे किट होते, ते न उघडताच मला उत्तर कळायला हवं होतं. एक रविवार नर्मदा, एक रविवार बोरिंग असं महिना-दीड महिना चाललं. क्रिप्टोकोरिनची पानं एका आठवड्यात काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. क्रिप्टला पाणी एकदम बदललेलं सोसत नाही, हे वाचलेलं होतं, आता पाहिलं. सोबतीला फिल्टरच्या तोंडाशी काळं केसाळ शेवाळ आलं. त्यात सीओटूच्या कमी-जास्त होण्याचाही हात असणार, सगळा दोष पाण्यावर ढकलत नाही. पण मन उडालं ते तिथेच.

मातीची पद्धत सुरुवातीला त्रास देत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माळव्याची काळी माती शेतातून आणून थेट घातली, ही माझी पहिली चूक. ती फुगते, आणि खडीतून वर आली की टँकचा कटिंग चहा होतो. दुसऱ्यांदा गच्चीतल्या एका जुन्या, दुर्लक्षित कुंडीची माती घेतली. तिच्यातला शेणखताचा जोर केव्हाच गेलेला. ताजं शेणखत असलेली माती घेऊ नका, अमोनिया सुटतो. चाळून एक इंच माती, वर एक इंच बारीक खडी. पहिले दीड-दोन महिने पाणी पिवळट राहिलं आणि तेव्हा बदलावंही लागलं. मासे त्यानंतर सोडले. या काळातही पाणी लागतं, पण अमुकच वारी लागतं असं नाही. नर्मदा येईल त्या दिवशी दोन बादल्या, एवढंच.

एकदा बसल्यावर मात्र काम इतकं कमी होतं की सुरुवातीला चुकल्यासारखं वाटतं. माशांनी टाकलेला अमोनिया झाडं नायट्रेटच्या आधी उचलतात, त्यामुळे झाडी दाट असेल तर फिल्टरवर भार पडत नाही. व्हॅलिसनेरिया आणि वॉटर विस्टेरिया यांना मी कधी खत घातलेलं नाही. आठवड्याला वर तरंगणारी साल्व्हिनिया मूठभर काढायची, नाहीतर खाली अंधार होतो. काचेवरचं शेवाळ जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचं. दिवा सकाळी पाच तास, दुपारी चार तास बंद, मग पुन्हा पाच तास; मधल्या विश्रांतीत पाण्यातला सीओटू पुन्हा भरून येतो. फिल्टरचा स्पंज दोन महिन्यांतून एकदा टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. नळाखाली धरू नका, क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा. उन्हाळ्यात आठवड्याला दोन-तीन बोटं पाणी उडतं. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार मागेच राहतात. म्हणून भर घालताना बोरिंग नको. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालतं, दोन जग पुरतात, कोणी हरकत घेत नाही. (आरओच्या नळीतून बाहेर पडणारं नव्हे, प्यायचं.) पाण्याचा खरा बदल मी दोन-अडीच महिन्यांनी एखाद-दुसऱ्या बादलीचा करतो, तोही नर्मदा आलेल्या सकाळी, पोहे व्हायच्या आत.

तोटे आहेतच. झाड उपटून दुसरीकडे लावायचं म्हटलं की माती वर येते, म्हणून रचना मनासारखी बदलत राहणाऱ्यांनी विचार करावा. लाल रंग मिळत नाही; माझी रोटाला आता विटकरीच्या जवळ थांबते. वाढ संथ. पण संथ ख्याल गाणाऱ्या अमीर खाँसाहेबांच्या गावात राहून विलंबिताची तक्रार शोभत नाही.

तुमच्याकडे पाणी रोज, ठरल्या वेळी येत असेल, रविवारची सकाळ तुमची स्वतःची असेल आणि स्पर्धेच्या फोटोंसारखा टँक हवा असेल, तर पहिली पद्धत जरूर करा. मी केली याचा पश्चात्ताप नाही. तसं नसेल, वर्षातून दोनदा पुण्याला लग्नकार्याला जावं लागत असेल, तर मला वाटतं मातीकडे बघावं. गेल्या दिवाळीत आम्ही सोळा दिवस नव्हतो. परत आलो तेव्हा पाणी चार बोटं खाली, साल्व्हिनिया काठोकाठ आणि चेरी बार्ब माशांची पिल्लं झालेली.

सिलिंडर मात्र विकलेला नाही. माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलाय. धाकट्या भावाच्या सोसायटीत चोवीस तास एकाच जातीचं पाणी आहे. त्याने टँक घेतला की त्याला देईन म्हणतो.