बीपीची जीन टेस्ट: किट मस्त, रिपोर्ट अर्धवट

घरीच लाळेचं सँपल घेऊन पाठवायचं ते किट भावासाठी मागवलं होतं. त्याचं बीपी तिशीच्या आतच चढलंय, पोटॅशियम सारखं कमी येतं आणि वडिलांचंही अगदी तसंच, म्हणून म्हटलं बघू तरी. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन स्टार देतोय, ते पण किट वापरायला सोपं होतं आणि रिपोर्ट वेळेत आला म्हणून.

रिपोर्टमध्ये एससीएनएन१बी या जीनसमोर हिरवी टिक आणि ‘धोका सामान्य’, बास! आता हा जीन किडनीतल्या ईनॅक नावाच्या सोडियम चॅनेलचा एक भाग बनवतो, आणि एरवी नेड४-२ नावाचं प्रोटीन या चॅनेलची शेपटी पकडतं मग पेशी त्याला आत ओढून मोडीत काढते, पण लिडल सिंड्रोम या घराण्यात उतरणाऱ्या बीपीच्या आजारात ती शेपटीच बिघडलेली असते त्यामुळे चॅनेल वरच ठाण मांडून बसतात, सोडियम खेचत राहतात, मागोमाग पाणी येतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम लघवीतून जातं. आजार १९६३ पासून माहितीये, जीन १९९४ मध्ये सापडला, नवीन काही नाही यात.

खरी गोची पुढे आहे. शेपटी बिघडवणारे हे बदल बहुतेक करून जीनच्या शेवटच्या एक्झॉनमध्ये (एक्झॉन म्हणजे जीनचा प्रोटीनची माहिती असलेला तुकडा), म्हणजे १३ नंबरच्या, असतात आणि घराण्यागणिक वेगळे निघतात. किटमधली चिप फक्त आधीच ठरवलेली ठिकाणं तपासते, बाकीचा जीन ती वाचतच नाही. म्हणजे हिरव्या टिकचा अर्थ एवढाच की आम्ही जिथे बघितलं तिथे काही नव्हतं, आणि ही गोष्ट रिपोर्टच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात!

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि रेनिन, अल्डोस्टेरॉन या मीठ-बीपी सांभाळणाऱ्या हार्मोन्सची रक्ततपासणी करायला सांगितलं. दोन्ही कमी आले, लिडलमध्ये येतात तसेच. मग आता पूर्ण जीनचं सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षर न् अक्षर वाचन, लावलंय. हे कळणं महत्त्वाचं कारण लिडल असेल तर अल्डोस्टेरॉनला अडवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोन या औषधाचा काही उपयोग नाही, अल्डोस्टेरॉन मुळातच कमी असतं ना, तिथे चॅनेल थेट बंद करणारं अमिलोराइड हे औषध लागतं. वर मुलांमध्ये उतरायची शक्यता ५० टक्के, त्यामुळे खोट्या ‘सामान्य’वर अख्खं घर निर्धास्त बसू शकतं.

कस्टमर केअरला सरळ विचारलं, एक्झॉन १३ पूर्ण वाचलाय का? उत्तरात मीठ कमी खायचा डाएट चार्ट आला. परत विचारलं तर तोच चार्ट परत.