मर्क्युरी की रूझवेल्ट? डाइम जमवायला घेताना

अमेरिकेची दहा सेंटची नाणी, म्हणजे डाइम, जमवायची ठरवली की नवख्यासमोर दोन मालिका येतात: १९१६ ते १९४५ची मर्क्युरी आणि १९४६पासून आजही चालू असलेली रूझवेल्ट. त्याआधीची बार्बर मालिका बाजूलाच ठेवू. तिच्यातली सॅन फ्रान्सिस्कोची १८९४ची नाणी पाडलीच मुळी २४, आणि त्यातल्या एकेकाला लिलावात दहा लाख डॉलरच्या वर भाव आलेला आहे.

चांदीच्या हिशेबात या दोघींत फरक नाही. यांतला १९६४पर्यंतचा कुठलाही डाइम अडीच ग्रॅमचा आणि ९० टक्के चांदीचा, म्हणजे सव्वादोन ग्रॅम शुद्ध चांदी. झिजलेला असला तरी जवळजवळ तेवढी किंमत कुठे जात नाही. १९६५पासून आत तांबे आणि वर तांबे-निकेलचा थर; कडेला तांबूस रेघ दिसली की चांदीचा विषय संपला. अमेरिकेहून आलेल्या पाहुण्यांच्या खिशातून निघतात ते बहुतेक हेच, आणि त्यांची किंमत दहा सेंटच.

खरा फरक पडतो तो मिंटमार्कमुळे, म्हणजे टांकसाळीच्या खुणेमुळे. डी म्हणजे डेन्व्हर, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, अक्षर नसेल तर फिलाडेल्फिया. आपल्याकडे सालाखाली मुंबईची चौकट शोधायची आणि खूण नसेल तर कोलकाता समजायचे, तसेच. मर्क्युरीवर हे अक्षर मागच्या बाजूला, खाली, तिथल्या काठ्यांच्या मोळीच्या डावीकडे असते. भिंग लागतेच.

या एका अक्षराने काय होते ते १९१६मध्ये दिसते. त्या साली मर्क्युरी डाइम फिलाडेल्फियात दोन कोटींहून अधिक पाडले गेले, सॅन फ्रान्सिस्कोत एक कोटीवर, आणि डेन्व्हरमध्ये फक्त २,६४,०००, कारण तिथली यंत्रे पाव डॉलरच्या कामाला लावली गेली. आज फिलाडेल्फियाचा झिजका नग काही डॉलरला मिळतो, तर डेन्व्हरचा तसाच नग शेकडो डॉलर मागतो. साहजिकच लबाडीही इथेच. साध्या नाण्यावर डी चिकटवून विकणारे पूर्वीपासून आहेत. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी पारखून देणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीत नसलेला १९१६ डी, विकणारा कितीही गोड बोलो, घेऊ नये. १९२१ची फिलाडेल्फिया आणि डेन्व्हरची नाणीही महाग पडतात, पण त्यांच्यावर एवढी झुंबड नसते.

मर्क्युरीत आणखी एक मेख आहे. मोळीला मधोमध बांधलेले आडवे पट्टे स्पष्ट सुटे दिसले तर 'फुल बँड्स' म्हणतात. १९४५चा फिलाडेल्फियाचा कोरा डाइम एरवी स्वस्त, पण हे पट्टे पूर्ण उठलेले असतील तर हजारो डॉलरवर जातो. म्हणजे टांकसाळ ओळखून भागत नाही, ठसा कसा उमटलाय हेही पाहावे लागते.

रूझवेल्टचे तसे नाही. चांदीचा पूर्ण संच, १९४६ ते १९६४, ४८ नाण्यांचा, आणि त्यात एकही नग खिसा फाडणारा नाही. १९४९ एस जरा जास्त मागतो, इतकेच. मात्र मिंटमार्कची जागा इथे बदलत जाते आणि नवखे तिथेच फसतात. १९६४पर्यंत तो मागे, मशालीच्या डावीकडे खाली. १९६५ ते ६७ कुठेच नाही. १९६८पासून पुढच्या बाजूला, सालाच्या वर. फिलाडेल्फियाचा पी तर १९८०मध्ये आला. त्यामुळे १९७२च्या नाण्यावर अक्षर नाही म्हणून कुणी 'दुर्मीळ' म्हणत भाव सांगितला तर सरळ पुढे चालावे. १९८२च्या नाण्यावर अक्षर नसेल तर मात्र थांबा. तो पी विसरून पाडलेला, खरोखरीचा चुकार नग असतो आणि चांगल्या अवस्थेत त्याला दर्शनी किमतीच्या कैक पट पैसे मिळतात.

माझे मत विचाराल तर, संच पुरा करण्यातच समाधान असेल तर चांदीचे रूझवेल्ट घ्या. अक्षर शोधण्यात आणि ठसा पारखण्यात गोडी असेल, आणि रूझवेल्टचा चेहरा मला वाटतो तसा तुम्हालाही रुक्ष वाटत असेल, तर मर्क्युरी. तिथेही १९१६पासून सुरुवात नको. १९४१ ते १९४५, तीन टांकसाळी, १५ नाणी एवढा छोटा संच आधी करा. १९४२मध्ये ४१च्या आकड्यावर ४२ उमटलेला प्रकार त्यात धरू नका, तो महाग आहे. आणि घेतलेले नाणे घासून चकचकीत करू नका. काळवंडलेल्याला गिऱ्हाईक असते, घासलेल्याची किंमत चांदीच्या भावावर येते.