पिवळे टोमॅटो: गच्चीवरच्या दोन वाणांचा निकाल

‘यलो पिअर’चं बियाणं सगळे विकतात, कारण त्याचा फोटो छान येतो. पेअरच्या आकाराची इवलीशी पिवळीधमक फळं घोसाघोसांनी लटकलेली दिसली की कुणीही पाकीट उचलतं. मी कोथरूडच्या गच्चीवर ते लावलं आणि शेजारच्या ग्रो बॅगेत ‘अझोयचका’ हे रशियातलं पिवळं वाण. दोन्ही जुनी, सरळ वाणं, म्हणजे संकरित नव्हेत. माती, शेणखत, निंबोळी पेंड, ऊन दोघांना सारखंच.

पिअर वाढायला हावरं. माझ्या डोक्यावरून गेलं तरी थांबेना. बगलफुटी, म्हणजे पानाच्या बेचक्यातून फुटणारे कोंब, खुडल्या नाहीत तर जंगल होतं, आणि बांबू व सुतळी पहिल्यापासून हवीच. फळं मात्र उदंड. आल्यागेल्याच्या हातावर मूठभर ठेवून पुन्हा वाटीभर उरतात. पण चव? पाणचट. थोडी गोडी, मागे काहीच नाही, आणि वेलीवर दोन दिवस जास्त राहिलं तर गर पिठूळ होतो. डब्यात मुलं आवडीने खातात, ती रंगाला भुलून.

अझोयचकाचं फळ चपटं, तळहातावर मावेल एवढं. झाडाला मोजकीच लागतात. पण कापलं की रस ताटलीत उतरतो आणि जिभेला लिंबाच्या अंगाचा आंबटपणा लागतो, मागून गोडी. नुसतं मीठ-मिरपूड पुरे. दाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली तर रस वाया जात नाही. साराला मात्र फसवा: नारळाचं दूध आणि जिऱ्या-कढीपत्त्याची फोडणी पडली की पाहुणे कढी समजून ताकाची चव शोधत बसतात. भाजीच्या रश्श्यात हे टोमॅटो घालू नका, तिथे बाजारचा लालच बरा.

पाकिटावर ‘कमी आम्ल, पित्तवाल्यांना उत्तम’ असं छापलेलं असतं. त्यावर जाऊ नये. पिवळेपणा येतो तो लाल रंग देणारं लायकोपीन जवळजवळ तयार होत नाही म्हणून. आंबटपणाचा हिशेब वेगळा. आमच्या सासूबाईंनी अझोयचकाची एक फोड खाल्ली आणि बाकीची निमूटपणे माझ्याकडे सरकवली.

पुण्यात सप्टेंबरअखेर बी टाकावं, म्हणजे संक्रांतीच्या आसपास तोडणी सुरू होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी लावलं तर रात्री गरम होतात आणि फुलं गळतात. पांढऱ्या माशीवर डोळा ठेवा, पानं आकसायला लागली की ते झाड वाचत नाही, उपटून टाका. पाणी रोज थोडं आणि नियमित. सुकवून मग एकदम भरपूर घातलं की अझोयचका हटकून तडकतो.

बी महाग वाटतं खरं, पण सरळ वाण असल्याने एकदाच घ्यायचं. पिकलेल्या फळाचा बुळबुळीत गर वाटीत दोन-तीन दिवस आंबवायचा, धुऊन बी सावलीत वाळवायचं. मी अझोयचकाचं धरलंय, पिअरचं नाही. आणि वाणाचं नाव न देता नुसतं ‘यलो टोमॅटो’ छापलेलं पाकीट घेऊ नका: आत संकरित बी असलं, तर त्यापासून धरलेलं बी पुढच्या वर्षी तसंच फळ देईल याचा भरवसा नाही.