रीबॉलिंगचे साडेसहा हजार घेतले आणि हीटसिंक उघडलासुद्धा नाही

जुना गेमिंग लॅपटॉप तापतोय म्हणून कुठल्या दुकानात टाकायचा विचार असेल तर आधी हे वाचा, कारण आमच्यासोबत जे झालं ते कुणासोबतही होऊ शकतं.

लॅपटॉप माझ्या धाकट्या भावाचा, २०१७ सालचा, आय७-७७००एचक्यू प्रोसेसर आणि जीटीएक्स १०६० जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप. त्याचं ब्लेंडरचं (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) काम पण त्यावरच चालतं, म्हणजे नुसता खेळ नाहीये, त्याच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचा प्रश्न होता. गेम चालू केला की थोड्या वेळात फॅन बोंबलायला लागायचे, टेंपरेचर नव्वदीच्या वर आणि एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, धाडकन खाली. पुण्यातल्या एका दुकानात नेला, नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या माणसाने लॅपटॉप चालू करून मागे हात लावून बघितला आणि म्हणाला "मॅडम, जीपीयू चिप जायला आलीये, रीबॉलिंग करावं लागेल, नाहीतर मदरबोर्ड बदला, तो पंचवीस-तीस हजाराला जाईल". रीबॉलिंग म्हणजे चिप उचलून तिच्या खालचं सोल्डर नवीन करणं. एवढं ऐकल्यावर त्याचे साडेसहा हजार माणसाला स्वस्तच वाटतात, आणि त्यांचा धंदा त्या भीतीवरच चालतो.

लॅपटॉप परत देताना त्याने आमच्यासमोर गेम लावून दाखवला, फक्त मेनूपर्यंत, कोपऱ्यात टेंपरेचर ६६. भाऊ म्हणाला ताई झालं बघ काम. घरी आणल्यावर गेम सुरू होतो पण अडखळत चालतो, एफपीएस ३० च्या वर जातच नाही, ब्लेंडरचा रेंडर (अंतिम चित्र तयार होणं) तर आधीपेक्षा दुप्पट वेळ घ्यायला लागला. भावाने सेटिंग उघडून बघितली तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये मॅक्स फ्रेम रेट ३० वर लावून ठेवलेला, आणि विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ७० केलेलं. म्हणजे मशीनला कामच कमी करायला लावलं की ती तापणार कशी! या दोन्ही सेटिंग पूर्ववत केल्या आणि टेंपरेचर परत ९२.

मग ओळखीतल्या एका टेक्निशियनकडे नेला, त्यांनी आमच्यासमोरच मागचं कव्हर काढलं. हीटसिंकच्या, म्हणजे चिपवर बसवलेल्या आणि तिची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, एका स्क्रूवर कंपनीचा छोटासा गोल स्टिकर असतो, स्क्रू फिरवला की तो फाटतोच. तो जसाच्या तसा होता. रीबॉलिंग म्हणजे काय करतात तर हीटसिंक काढायचा, चिप मशीनवर तापवून बोर्डवरून उचलायची, खालचं जुनं सोल्डर साफ करायचं, स्टेन्सिल लावून नवीन बॉल बसवायचे आणि चिप परत जागेवर बसवायची. इथे हीटसिंकच कधी निघाला नव्हता, त्यामुळे चिपपर्यंत कोणाचा हात पोचलाच नव्हता. मी लगेच फोटो काढले, स्टिकर स्पष्ट दिसेल असे, आणि त्यानंतरच त्यांना पुढे उघडायला सांगितलं.

आणि खरा आजार काय निघाला? फॅन आणि तांब्याच्या जाळीच्या मधे धुळीचा थर बसलेला, इतका दाट की चिमट्याने धरल्यावर नमद्यासारखा एका तुकड्यात निघाला. फॅन फिरत होता पण हवा बाहेर जायला वाटच नव्हती. चिप आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता पोचवणारी पेस्ट वाळून खडखडीत, चिपवरून पापुद्रे निघत होते. या मॉडेलमध्ये प्रोसेसर आणि जीपीयू दोघांच्या हीट पाइप जोडलेल्या आहेत, त्यामुळे एक तापला की दुसराही तापतो. जाळी साफ केली, नवीन पेस्ट लावली, मेमरीवरचे थर्मल पॅड बदलले, तेही जुन्याच जाडीचे घेऊन, कारण पॅड जाड झाला तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही. सगळे मिळून १२०० रुपये. आता तासभर गेम चालला तरी ७८-८० च्या आसपास राहतो.

चिप तापून मंद होते म्हणजे ती मेली असं अजिबात नाही, उलट ती स्वतःला वाचवत असते. जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात सेन्सर टॅबला पर्फकॅप रीझन नावाची ओळ आहे, गेम चालू असताना तिथे थर्मल दिसलं तर उष्णतेमुळे क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, कमी केलाय एवढाच अर्थ, आणि त्याला आधी साफसफाई आणि पेस्ट. चिप खरंच जात असेल तर स्क्रीनवर रंगीत चौकोन, रेघा येतात, ड्रायव्हर सारखा क्रॅश होतो, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ हा एरर येतो. यातलं आमच्याकडे काहीच नव्हतं आणि त्या माणसाने यातलं काही तपासलंही नव्हतं. काही जण तर नुसती हॉट एअर गन मारून त्यालाच रीबॉलिंग म्हणतात, ते काही दिवस चालतं आणि परत बंद पडतं. लॅपटॉप देण्याआधी स्क्रू, स्टिकर, रॅम आणि एसएसडीच्या सीरियल नंबरचे फोटो काढून ठेवा, आणि परत घेताना मेनू नाही, अर्धा तास प्रत्यक्ष गेम चालवून बघा, मॅक्स फ्रेम रेट आणि पॉवर प्लॅन तपासा.

त्या दुकानात परत गेलो तर म्हणे "आमच्याकडून चांगलाच गेला होता, तुम्ही बाहेर उघडला, आता जबाबदारी नाही". बिलावर फक्त सर्व्हिस चार्ज लिहिलेलं, रीबॉलिंगचा शब्दच नाही, पण त्याने व्हॉट्सॅपवर "रीबॉलिंग झाली, घेऊन जा" असा मेसेज पाठवला होता, तो माझ्याकडे आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवलीये. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखापर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. स्टिकरचे फोटो, तो मेसेज, यूपीआयची पावती आणि दुसऱ्या टेक्निशियनचं बिल, सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवलंय.